बूट आधी झिजतो की आधी गळतो?

पावसात आणि चिखलात वापरायच्या बुटांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत बुटाची किंमत आहे आणि दुकानदाराने दिलेली वॉटरप्रूफपणाची ग्वाहीही आहे, परंतु तो बूट वर्षातून किती दिवस पायात असतो हे फार थोड्यांनी लिहिले आहे. उत्तराचा निम्मा भाग त्याच आकड्यावर अवलंबून असतो. परदेशातून आलेल्या पहिल्या पत्राला येथे अधिक जागा दिली आहे, कारण शिकारीसाठी म्हणून बनवलेल्या बुटांचा प्रश्न तेथे खराखुरा आहे आणि त्याच्या उत्तरातील बराच भाग पुढील पत्रांनाही लागू पडतो.

प्रश्न : मी मूळचा सोलापूरचा असून बरीच वर्षे मिनेसोटात राहतो. तीन वर्षांपासून नोव्हेंबरमध्ये कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर हरणांच्या शिकारीला जातो. वर्षाकाठी सात-आठ दिवस रानात जातात. पहिल्या वर्षी घेतलेले १२० डॉलरचे वॉटरप्रूफ बूट तिसऱ्या हंगामात आतून ओले होऊ लागले. आता २८० डॉलरची एक जोडी पाहून ठेवली आहे. तिच्यावर ‘८०० ग्रॅम’ असे लिहिले आहे. एवढे वजन पायात घेऊन चालायचे कसे, आणि दुपटीहून अधिक पैसे दिले तर आयुष्यही दुप्पट मिळते का?

उत्तर : आधी ग्रॅमचा उलगडा करू. तो आकडा बुटाच्या वजनाचा नाही. बुटाच्या आत थंडी अडवणाऱ्या कृत्रिम तंतूंचा जो थर असतो, त्याचे दर चौरस मीटरमागील वजन तो आकडा सांगतो. प्रत्यक्ष बुटात त्या थराचा छोटासा तुकडाच लागतो. (थिन्सुलेट या नावाने प्रसिद्ध असलेला असा थर थ्री-एम या कंपनीचा, आणि त्या कंपनीचे मुख्यालय आपल्याच मिनेसोटात आहे.) २०० आणि ४०० हे आकडे चालत राहणाऱ्यासाठी, ८०० आणि त्यापुढचे आकडे बराच वेळ एका जागी बसणाऱ्यासाठी, असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा प्रश्न वजनाचा नसून घामाचा आहे. मचाणापर्यंत अर्धा-पाऊण तास ८०० ग्रॅमचे बूट घालून झपाझप चालत गेलात, तर पाय आत भिजतो आणि नंतर बसल्यावर तोच ओलावा गारठतो. बुटाने पाणी आत घेतले, असे अनेकजण ज्याला म्हणतात ते पुष्कळदा स्वतःच्याच पायाचे पाणी असते.

म्हणून आपला जुना बूट खरोखर गळतो आहे का, हे नवा घेण्यापूर्वी पाहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. बूट दोन दिवस पूर्ण वाळवा, आतला सुटा इनसोल काढा आणि कोरड्या वर्तमानपत्राचे बोळे आत भरा. मग बादलीत घोट्याच्या उंचीइतके पाणी घेऊन, बूट तरंगू नये म्हणून आत पिशवीत घातलेले दगड ठेवून, तो अर्धा तास पाण्यात उभा करा. कागद एकाच जागी, विशेषतः चवड्याच्या घडीपाशी, ओला झाला तर गळती आहे. कागद कोरडा राहिला आणि तरीही रानात मोजा सगळीकडून सारखाच दमट होत असेल, तर दोष घामाचा आहे, आणि २८० डॉलर खर्चूनही तो जाणार नाही.

गळती असेल तर ती कोठून होते, हे समजले की किमतीचा प्रश्न सोपा होतो. आजच्या बहुतेक वॉटरप्रूफ चामडी बुटांत पाणी अडवण्याचे काम चामडे करत नाही. ते काम आतल्या मोज्याच्या आकाराच्या एका पातळ पडद्याचे असते, आणि त्या पडद्याच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असते. या पडद्यांतील सर्वांत प्रसिद्ध गोर-टेक्स. न चिकटणाऱ्या तव्यावर ज्या द्रव्याचा लेप असतो, तेच द्रव्य १९६९ मध्ये बॉब गोर यांनी झटक्यात ताणून पाहिले आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. छिद्रे इतकी बारीक, की पाण्याचा थेंब त्यांतून शिरत नाही, पण वाफ जाऊ शकते. डॅनर या अमेरिकी कंपनीने १९७९ मध्ये हा पडदा बुटात आणला आणि त्यानंतर शिकारीच्या बुटांचा सगळा बाजारच त्या वाटेने गेला.

पडदा पाण्याला हार जात नाही, घासण्याला हार जातो. पाऊल टाकताना चवड्याशी बूट जेथे मोडतो तेथे प्रत्येक पावलागणिक त्याची घडी पडते. बुटात शिरलेली रेती अस्तराला आतून कुरतडते, वाढलेले नख पुढच्या टोकाला तेच करते आणि टाचेशी सैल असलेला बूट मागचे अस्तर झिजवतो. एकदा पडद्याला चीर गेली की तो दुरुस्त करण्याचा व्यवहार्य उपाय नाही. चामडे शाबूत, सोल शाबूत, आणि बूट मात्र वॉटरप्रूफ म्हणून संपलेला, अशी अवस्था स्वस्त बुटांत येते तशी महाग बुटांतही येते. महाग बुटात अस्तर जाड असते, शिवणी कमी असतात आणि जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असते, त्यामुळे ती उशिरा येते एवढेच.

आता हिशेब. आपल्या १२० डॉलरच्या बुटांनी तीन हंगामांत साधारण २४ दिवस दिले, म्हणजे दिवसाला ५ डॉलर. २८० डॉलरच्या बुटांना त्याच दराला पोहोचायला ५६ दिवस लागतील, आणि आपल्या गतीने ते सात हंगाम होतात. सात हंगाम पडदा टिकेलही, कारण इतक्या थोड्या दिवसांत घड्या कमी पडतात. परंतु बुटाच्या मधल्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फेस असेल तर तो वापरला नाही तरी वयाने खचतो, हे पुढील प्रश्नात सविस्तर येईलच. पडदा पावलांनी म्हातारा होतो, मधला सोल वर्षांनी. वर्षाला आठ दिवस जाणाऱ्याच्या बाबतीत दुसरे म्हातारपण आधी गाठते. त्यामुळे जास्तीत जास्त टिकाऊ चामड्यासाठी मोजलेले पैसे आपल्याला वसूल करता येणार नाहीत, असे आमचे मत आहे. तोच बूट हिवाळ्यात बर्फ काढताना, तळ्याकाठी फिरताना मिळून वर्षाला चाळीस दिवस वापरणार असाल, तर दोनच वर्षांत ८० दिवस होतात आणि दर साडेतीन डॉलरवर येतो. मग मात्र महाग जोडी घ्यावी, आणि घेताना सोल शिलाईचा आहे की नुसता चिकटवलेला, हे विचारावे. गुडइयर वेल्ट किंवा तत्सम शिलाईच्या बुटाला नवा सोल लावता येतो. आपल्याच राज्यातील रेड विंग या गावी १९०५ मध्ये सुरू झालेली त्याच नावाची कंपनी आणि वर उल्लेखिलेली डॅनर, या दोघी आपल्या ठरावीक बुटांचे सोल बदलून देतात. अर्थात सोल नवा आला तरी जुना फाटका पडदा नवा होत नाही, हे लक्षात असू द्यावे.

आपल्यासारख्या आठ दिवसांच्या शिकाऱ्याने आणखी एक पर्याय पाहावा, तो म्हणजे गुडघ्याखालपर्यंत येणारा रबरी बूट. त्यात पडदा नाही, म्हणून पडदा फाटणे नाही. हरणाच्या नाकाचा विचार करणारे शिकारी तो मुद्दाम पसंत करतात, कारण रबर चामड्यासारखा माणसाचा वास धरून ठेवत नाही आणि वाटेवर कमी सोडतो. त्याचे तोटेही सांगितले पाहिजेत : घोट्याला आधार कमी, चढणीवर टाच आत सरकते आणि घाम बाहेर जायला वरच्या तोंडाशिवाय वाट नाही. दाट पायमोजांची दुसरी जोडी पिशवीत ठेवून मचाणावर चढण्यापूर्वी बदलली, तर यातला निम्मा त्रास जातो. सपाट, पाणथळ रानात बसून शिकार करत असाल तर रबरी बूट, डोंगराळ भागात चालून करत असाल तर ४०० ग्रॅमचा चामडी बूट, आणि ८०० ग्रॅमचा फक्त थंडीत तासन् तास बसणार असाल तरच, असे आम्ही सुचवू.

प्रश्न : माझ्या मुलाने सहा वर्षांपूर्वी परदेशातून माझ्यासाठी शिकारीचे म्हणून विकले जाणारे भारी वॉटरप्रूफ बूट आणले होते. दोनदाच घातले, मग खोक्यात जपून ठेवले. गेल्या डिसेंबरमध्ये हरिश्चंद्रगडाला निघालो आणि टोलार खिंडीच्या अलीकडेच उजव्या बुटाचा अख्खा सोल गळून पडला, डाव्याचे काळे तुकडे पडू लागले. दोरीने बांधून खाली उतरलो. हा नकली माल म्हणावा काय? मोच्याकडून सोल शिवून घेता येईल का? (पुणे)

उत्तर : माल अस्सल असण्याची शक्यताच अधिक आहे. खाली टणक रबर आणि वर चामडे यांच्या मध्ये धक्का सोसण्यासाठी पॉलियुरेथेनच्या फेसाचा थर असतो. पादत्राणांत या द्रव्याचा जो प्रकार सहसा वापरतात, त्याच्या रेणूंची साखळी हवेतील बाष्पाने हळूहळू तुटत जाते. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात. उष्णता आणि दमटपणा जितका अधिक, तितकी ही तोडफोड वेगाने होते. बूट पायात असो वा खोक्यात, ती थांबत नाही, आणि पाच ते दहा वर्षांत फेसाचा भुगा होणे ही काही अपवादात्मक घटना नाही. पुण्याचा पावसाळा कपाटातल्या बुटालाही लागतोच. उलट बूट बनवणारे असे सांगतात, की नियमित वापरातला बूट थोडा अधिक टिकतो, कारण पावलाच्या दाबाने फेसात साठलेला ओलावा बाहेर पडत राहतो. जपून ठेवण्याची आपली जी सवय आहे, लग्नातली पैठणी आणि पाहुण्यांसाठीची कपबशी, तिचा या एका वस्तूच्या बाबतीत उपयोग होत नाही.

मोच्याकडे नेण्यास हरकत नाही, पण काय सांगायचे ते ठरवून जावे. फेस भुसभुशीत झाला असेल तर त्याच सोलला सोल्युशन लावून चिकटवणे व्यर्थ आहे, कारण सोल्युशन धरेल आणि त्यामागचा फेस सुटेल. जुना थर खरवडून पूर्ण काढून टाकून नवा रबरी सोल बसवला, तरच काम टिकते. आरीने कडेकडेने टाके घालण्याचा आग्रह मात्र धरू नये. तो टाका बुटाच्या वरच्या चामड्यातून जातो, बहुधा आतल्या पडद्यालाही भोके पाडतो, आणि बूट मजबूत झाला तरी वॉटरप्रूफ राहत नाही. आपल्याला तो कोरड्या ऋतूतच वापरायचा असेल, तर टाके घ्या आणि वॉटरप्रूफपणा विसरा, हाही शहाणपणाचा सौदा आहे.

यापुढे बूट घेताना जिभेच्या आतील पट्टीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष दिलेले आहे का, ते पाहावे. सवलतीत मिळणारी जोडी पुष्कळदा दुकानाच्या माळ्यावर तीन-चार वर्षे पडलेली असते, म्हणजे तिचे अर्धे आयुष्य आपण घेण्यापूर्वीच संपलेले असते. घरात बऱ्याच दिवसांनी काढलेल्या बुटाचा मधला थर अंगठ्याने जोरात दाबावा. दाबल्यावर बारीक भेगांचे जाळे दिसले, बोटाला चिकट लागले किंवा नख सहज रुतले, तर तो बूट गडाखालीच ठेवावा. आपण दोरी जवळ बाळगली होती, हे फार बरे झाले.

प्रश्न : आम्ही काही मित्र आंबोलीच्या परिसरात पावसाळ्यात रात्री बेडूक आणि साप यांच्या नोंदी घेतो. जळवा आणि घोणस-चापड्यांपासून बचाव, शिवाय पाय कोरडे, असा दुहेरी हेतू ठेवून १८,००० रुपयांचे परदेशी शिकारी बूट मागवावेत असा विचार आहे. आपल्याकडे शिकारीला बंदी असताना हे बूट बाळगण्यास काही अडचण येते का, हेही कळवावे. (कोल्हापूर)

उत्तर : शेवटचे आधी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. त्यानुसार बंदी शिकारीवर आहे, बुटांवर नाही. मात्र संरक्षित क्षेत्रात रात्री जाण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते, ती आपण घेतच असाल.

पाय कोरडे राहण्याविषयी आम्ही आपल्याला निराश करणार आहोत. वाफ बाहेर सोडणारा पडदा वाफ ढकलत नाही. आत बाष्प अधिक आणि बाहेर कमी, असा फरक असेल तरच ती बाहेर जाते. मिनेसोटाच्या थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैच्या रात्री हवा बाष्पाने भरलेली व उबदार असते. तेथे बुटाच्या आत आणि बाहेर जवळजवळ सारखेच बाष्प असल्यामुळे वाफ जाण्याचे कारणच उरत नाही. त्यातच बाहेरचे चामडे पाणी पिऊन जड झाले की उरलीसुरली वाटही बंद होते. ज्या गुणासाठी या बुटाला चौपट किंमत आहे, तो गुण आपल्या गरजेच्या नेमक्या महिन्यांत झोपलेला असतो.

दुसरी अडचण याहून साधी आहे. सह्याद्रीत पाणी बुटाच्या भिंतीतून येत नाही, ते वरून येते. ओहोळ ओलांडताना घोट्याच्या वर पाणी असते आणि धो-धो पावसात पॅन्टवरून ओघळलेले पाणी सरळ मोज्यात उतरते. वॉटरप्रूफ बूट आत आलेले पाणी बाहेरच्या पाण्याइतक्याच इमानदारीने अडवतो. मग प्रत्येक पाऊल बादलीत टाकल्यासारखे होते आणि तो बूट त्या हवेत तीन-तीन दिवस वाळत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे गडकिल्ले पालथे घालणारे लोक पावसाळ्यात महाग वॉटरप्रूफ बुटांच्या वाटेला न जाता पकड चांगली असलेले स्वस्त बूट वापरतात. अ‍ॅक्शन कंपनीच्या ट्रेकिंगच्या बुटांनी मराठी गिर्यारोहकांत जे स्थान मिळवले, ते ओल्या कातळावरच्या पकडीमुळे. पाणी आत आले तर येऊ द्यावे आणि जाऊ द्यावे, असा तो व्यवहार आहे.

आपले काम मात्र चढाईचे नसून पाणथळ सड्यांवर आणि रानवाटांवर हळूहळू फिरण्याचे आहे, शिवाय सापांचा प्रश्न आहे. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंतचा जाड गमबूट आम्ही अधिक योग्य समजतो. त्याने पायाचा जमिनीलगतचा भाग झाकला जातो, जळवांना शिवणी आणि जिभेच्या फटी सापडत नाहीत आणि किमतीत १८,००० रुपयांतील एक शून्य निघून जाते. गमबूट सापाच्या दातांविरुद्ध चिलखत आहे असा समज मात्र करून घेऊ नये. विजेरीचा झोत पायाखाली ठेवण्याची सवय बुटाहून अधिक उपयोगी आहे. चापडा तर बहुधा झुडपांवर, म्हणजे बुटाच्या कितीतरी वर बसलेला असतो. जळवांसाठी दाट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे आत घाला आणि पॅन्ट मोज्यात खोचा. कातळ उताराचा असेल तेथे गमबुटाचा गुळगुळीत सोल घसरतो, म्हणून घेताना खोल खाचांचा सोल पाहून घ्यावा.

प्रश्न : बुटावर ‘आयुष्यभराची हमी’ लिहिलेली असते. ती कोणाच्या आयुष्याची समजावी? एका दुकानाने माझ्या चौदा महिन्यांत गळू लागलेल्या बुटांबाबत ‘हमी बनावटीतल्या दोषाची आहे, वापराने झालेल्या झिजेची नाही’ असे सांगून हात वर केले. (नागपूर)

उत्तर : दुकानाचे उत्तर आपल्याला आवडले नसले तरी बहुतेक हमीपत्रांची भाषा तीच असते. सोल सुटणे, शिलाई उसवणे, पहिल्याच पावसात पाणी येणे हे दोष ठरतात. चवड्याच्या घडीशी पडदा विरणे ही झीज ठरते. वाद होतो तो मधल्या प्रकारांबाबत, आणि तेथे पावती आणि छायाचित्रे जवळ असलेल्याचे म्हणणे ऐकले जाते. आपला बूट वर दिलेल्या बादलीच्या परीक्षेत शिवणीपाशी गळत असेल, तर ते छायाचित्रासह कळवून पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहावा.

हमीचा इतिहास योगायोगाने शिकारीच्या बुटापासूनच सांगता येतो. अमेरिकेतील मेन राज्याच्या फ्रीपोर्ट गावचे लिऑन लिओनवूड बीन १९११ मध्ये शिकारीहून पाय भिजवून परतले. त्यांनी गावातल्या चर्मकाराकडून कामगारांच्या रबरी बुटाच्या खालच्या भागावर हलक्या चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला, आणि १९१२ मध्ये राज्याबाहेरून येणाऱ्या परवानाधारक शिकाऱ्यांना टपालाने जाहिरात पाठवून पहिल्या १०० जोड्या विकल्या. त्यांतल्या ९० परत आल्या, कारण रबराला घातलेले टाके फाटत होते. बीन यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, उसने पैसे काढले, रबर सुधारून घेतला आणि पुन्हा विक्रीस आरंभ केला. त्या व्यवहारातून त्यांच्या कंपनीची ‘कधीही परत करा’ ही ख्याती तयार झाली आणि ती शतकभर टिकली. काही लोक अनेक वर्षे वापरलेला, कधी जुन्या बाजारातून उचललेला मालही परत आणू लागले, तेव्हा २०१८ मध्ये कंपनीने ही मुदत पावतीसह एका वर्षावर आणली.

या गोष्टीत आम्हाला हमीपेक्षा बुटाची रचना अधिक लक्षणीय वाटते. खाली रबर आणि वर चामडे असल्यामुळे जो भाग पाण्यात बुडतो त्यात फाटण्याजोगा पडदाच नाही, आणि रबराचा तळ झिजला तर वरचे चामडे ठेवून तळ बदलता येतो. कंपनी आजही ते काम करून देते. आयुष्यभराची हमी देणाऱ्या बुटापेक्षा, जिथे बिघडेल तो भाग वेगळा काढता येतो असा बूट आम्ही नेहमी वर ठेवू. नागपूरला अशा बुटाची गरज फारशी नसेल, पण निवड करताना ‘याचा कोणता भाग आधी जाईल, आणि तो गेल्यावर काय करायचे’ हे दुकानदाराला विचारून पाहावे. उत्तर काय येते त्यापेक्षा उत्तर येते की नाही, यावरून बरेच कळते.

प्रश्न : आमची कुडाळजवळ भातशेती आहे. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या) भीतीने घरातील सर्वांना गमबूट घेतले. एका जोडीवर पांढरी भुकटी येते, दुसरीला दोन वर्षांत घोट्याशी आडव्या भेगा पडल्या. दोन्ही दुकानदार आपलाच माल चांगला म्हणतात. (सिंधुदुर्ग)

उत्तर : पांढरी भुकटी येणारी जोडी नैसर्गिक रबराची असावी. रबरात मिसळलेली काही द्रव्ये कालांतराने पृष्ठभागावर येतात आणि तशी पूड दिसते. ती खराबी नाही. ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉनचा किंवा साबणाचा हलका हात फिरवला की ती जाते, आणि पुन्हा आली तरी काळजीचे कारण नाही. खोबरेल तेल मात्र चोळू नये, तेलाने रबर फुगतो आणि मऊ पडतो. भेगा पडलेली जोडी बहुधा पीव्हीसीची आहे. त्या प्लास्टिकला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हात हळूहळू निघून जाते आणि जेथे बूट रोज मोडतो तेथे तो तडकतो. पीव्हीसीचा बूट स्वस्त असतो, शेण-खताला आणि तेलकटपणाला चांगला तोंड देतो आणि एका-दोन हंगामांसाठी अगदी योग्य आहे, परंतु भेग पडल्यावर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. सायकलच्या ट्यूबचे ठिगळ रबरी बुटाला नीट बसते, पीव्हीसीला तेच सोल्युशन नीट धरत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या मुत्रातून शेतातल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमांतून शरीरात शिरतात. म्हणून बारीक भेगेतून आलेले थोडेसे पाणीही दुर्लक्ष करण्याजोगे नसते. पायाला जखम असेल तर बूट असतानाही ती झाकूनच चिखलात उतरावे, आणि डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या असतील तर बूट आहेत म्हणून त्या टाळू नयेत.

इंग्रज लोक या बुटाला ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावाने ओळखतात, तोच सेनापती १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. त्याचा बूट चामड्याचा होता. रबराचे बूट फ्रान्समध्ये १८५३ पासून हायरम हचिन्सन यांनी बनवायला घेतले, आणि त्यांचे पहिले मोठे गिऱ्हाईक लाकडी खडावांतून शेतात जाणारे शेतकरीच होते.

माप घेताना आपल्याकडे एक चूक सर्रास होते. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मुलांना एक नंबर मोठा बूट घेतला जातो. भाताच्या चिखलात सैल बूट रुततो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. मोज्यासह पाय घालून टाचेमागे एक बोट जाईल एवढीच जागा असावी. संध्याकाळी शेतावरून आल्यावर बूट आतून-बाहेरून स्वच्छ पाण्याने धुवावेत, आत कागद भरावा, आणि उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता पडवीत काठीवर उलटे टांगावेत. सकाळी घालण्यापूर्वी उलटे करून दोनदा आपटावेत. कोकणात फुरशाला आणि विंचवाला ती जागा फार आवडते.